पार्ट टू लावावा का? कोकणातल्या एक पडदा थिएटरसाठी अंदाज बांधण्याची रीत

वितरकाच्या माणसाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पार्ट टू आहे, डोळे मिटून लावा." एका वर्षी मी खरंच डोळे मिटले. जुलैचा दुसरा आठवडा, भाताची लावणी ऐन भरात, पाऊस तीन दिवस उघडायचं नाव घेत नव्हता आणि मी एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या पुढच्या भागासाठी ठोक रक्कम, म्हणजे माणसं कितीही आली तरी न बदलणारी, मोजून बसलो होतो. शनिवारी सहाच्या खेळाला एकवीस माणसं आली. त्यातली चार आमच्याच कॅन्टीनवाल्याच्या घरची. पुण्या-मुंबईत तोच चित्रपट हाउसफुल्ल होता, त्यामुळे वितरक खोटं बोलला असंही म्हणता येईना. मी त्याला 'चित्रपट चालेल का' असं विचारलं होतं. विचारायला हवं होतं ते हे, की आमच्या गावात या आठवड्यात किती खुर्च्या भरतील, आणि सोमवारनंतर त्यातल्या किती उरतील.

दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी साडेतीनशे खुर्च्यांचं थिएटर आहे, त्याचं बुकिंग मी बघतो. पुढचे भाग, मालिकेतले चित्रपट, कादंबरी-नाटकांवरचे किंवा दुसऱ्या भाषेतून उचललेले चित्रपट, या सगळ्यांचा अंदाज मी कसा बांधतो ते पायरीपायरीने लिहितो आहे. थिएटर चालवत नसाल आणि नुसती आकड्यांची आवड असेल, तरी ही रीत लागू पडेल.

आधी आपल्या खिशाचं गणित

बातम्यांत जो 'शंभर कोटी' असतो तो कधी ग्रॉस असतो, कधी नेट. तिकिटाच्या पूर्ण पैशांची बेरीज म्हणजे ग्रॉस. त्यातून जीएसटी गेला की नेट. नेटमधून वितरकाचा वाटा गेला की जे राहतं ते थिएटरचं. दोन चित्रपटांची तुलना करताना एकाचा जगभरातला ग्रॉस आणि दुसऱ्याचा देशातला नेट समोरासमोर ठेवणारे महाभाग रोज भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

वाट्याचं प्रमाण आठवड्यागणिक बदलतं. निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात २००९ साली मोठा संप झाला. त्यानंतर ठरलेलं प्रमाण असं: वितरकाला पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. एक पडद्याचे करार वेगवेगळे असतात, पण बोलणी करताना हाच आकडा मोजपट्टी म्हणून हाताशी असू द्या.

आता एक उदाहरण मांडू. तिकीट १५० रुपये, त्यातून १८ टक्क्यांचा जीएसटी वजा जाता १२७ उरतात. दिवसाला तीन खेळ, आठवड्याला एकवीस. समजा पहिल्या आठवड्यात खेळामागे सरासरी १०० माणसं आली. २,१०० तिकिटं, नेट सुमारे २ लाख ६७ हजार, आपल्याकडे निम्मे, म्हणजे १ लाख ३३ हजार. दुसऱ्या आठवड्यात सरासरी ६० वर आली. नेट १ लाख ६० हजार, पण आता आपले ५७.५ टक्के, म्हणजे ९२ हजार. माणसं चाळीस टक्क्यांनी घटली, आपली मिळकत एकतीसच टक्क्यांनी. वीज, जनरेटरचं डिझेल, पगार, प्रोजेक्शनचं भाडं हे सगळं या रकमेतून जातं, म्हणून लहान थिएटर टिकतं ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यावर.

इथेच पुढचा भाग आणि रूपांतर यांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढचा भाग तुम्हाला शुक्रवार देतो. लोकांना पात्रं माहीत असतात, ट्रेलर समजावून सांगावा लागत नाही, पहिले तीन दिवस गर्दी होते. चांगलं रूपांतर सोमवार देतं. आधी जाणकार येतात, मग ते घरच्यांना घेऊन येतात. वितरक ठोक रक्कम मागतो ती शुक्रवारच्या जोरावर, आणि आपण जगतो सोमवारच्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका तिढ्याभोवती फिरतात.

पहिल्या भागाचं नंतर काय झालं?

पहिल्या भागाने किती कमावलं हे सगळेच विचारतात. मी विचारतो, थिएटरातून उतरल्यावर तो कुठे कुठे फिरला? टीव्हीवर दर रविवारी लागतो का, त्यातले संवाद वडाप रिक्षात ऐकू येतात का, पोरं त्याची नक्कल करतात का?

हिंदी 'दृश्यम' २०१५ साली आला तेव्हा देशातला नेट सत्तर कोटींच्या आत राहिला. पुढची सात वर्षं तो घराघरांत बघितला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरा भाग आला आणि सव्वादोनशे कोटींच्या पुढे गेला. मूळ मल्याळम दुसरा भाग २०२१ मध्येच ओटीटीवर आला होता, तरी फरक पडला नाही. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीचा पहिला भाग १२० कोटींच्या आसपास थांबला, दुसरा ५०० कोटींच्या वर गेला. मधल्या पावणेदोन वर्षांत कटप्पाने का मारलं हा प्रश्न आमच्या आजीलासुद्धा पडला होता, आणि तिने थिएटरात पाऊल ठेवलेलं नव्हतं. 'स्त्री' (२०१८) आणि 'स्त्री २' (२०२४) यांचीही तीच कथा: सुमारे १३० कोटींवरून सहाशेच्या आसपास.

सर्वांत बोलकं उदाहरण 'तुंबाड'चं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचं हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचं, चित्रपटाची गोष्ट मात्र त्या कादंबरीची नाही. २०१८ मध्ये तो बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. म्हणजे चाहतावर्ग थिएटरच्या बाहेर तयार झाला होता. असा चाहतावर्ग आपल्या गावात आहे का हे बघायचं असेल तर कॉलेजच्या पोरांना गाठा. मुंबईचे आकडे तिथे कामाला येत नाहीत.

आता अंतराचा प्रश्न. दोन भागांत फार वर्षं गेली की प्रेक्षक तुटतो, असं सरसकट म्हणतात. 'रॉक ऑन' २००८ चा, दुसरा भाग ११ नोव्हेंबर २०१६ चा, आणि तो आपटला. पण तीन दिवस आधीच नोटबंदी जाहीर झाली होती, लोक बँकेच्या रांगेत उभे होते. अशा चित्रपटावरून अंतराबद्दल काहीही शिकता येत नाही. 'नवरा माझा नवसाचा' २००४ चा, दुसरा भाग २०२४ चा, वीस वर्षांनी. पहिल्यात गणपतीपुळ्याला एसटीने जायचं होतं, दुसऱ्यात कोकण रेल्वेने. सचिन, सुप्रिया, अशोक सराफ तेच. वीस वर्षं तो टीव्हीवर लागत राहिला, म्हणून अंतर पडलंच नाही. याउलट 'झपाटलेला २' २०१३ मध्ये आला, वीस वर्षांनीच, पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेलेले. तिथे भिस्त होती ती तात्या विंचूवर. तेव्हा मोजायचं ते हे: लोकांचा जीव नटात आहे, पात्रात आहे की गोष्टीत, आणि त्यातलं काय परत येतंय?

मालिकेबद्दल थोडं वेगळं. दिग्पाल लांजेकर यांचे शिवकालीन चित्रपट, 'फर्जंद' (२०१८) पासून, एकमेकांचे पुढचे भाग नाहीत. प्रत्येकाची लढाई स्वतंत्र, त्यामुळे मधलाच बघितला तरी अडत नाही. हा मोठा फायदा आहे. तोटा असा की 'उरलेलं काय झालं' ही ओढ नसते. प्रत्येक वेळी नव्याने बोलवावं लागतं.

रूपांतर: मूळ कुणी वाचलंय, कुणी बघितलंय?

कादंबरी 'गाजलेली' आहे याचा अर्थ आपल्या तालुक्यात ती वाचलेली आहे असा होत नाही. ग्रंथालयात जाऊन त्या पुस्तकाची अवस्था बघा. पाठीला चिकटपट्टी लावलेली, कोपरे काळे झालेले असतील तर गर्दी आहे. कोरं असेल तर फक्त नाव आहे.

शिवाजी सावंतांची 'छावा' आमच्या ग्रंथालयात दोनदा बांधून घेतलेली आहे. त्यावरचा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. बारावीची परीक्षा सुरू झालेली, दहावीची तोंडावर. नियमाने ही वेळ वाईट. पण सहाव्या दिवशी, १९ तारखेला, शिवजयंती होती, आणि संभाजी महाराजांना पकडलं ते संगमेश्वरात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. इथल्या माणसाला ती परक्या मुलखाची गोष्ट नव्हती. शिमगा मार्चच्या मध्याला, म्हणजे चार मोकळे आठवडे. कॅलेंडरचे सगळे नियम मोडणारं एखादं रूपांतर असतं. मात्र प्रत्येक वितरक आपला चित्रपट तसाच आहे असं सांगतो, हे विसरू नका.

नाटकावरचे चित्रपट कोकणात माझ्या अंदाजापेक्षा नेहमी बरे जातात. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं, चित्रपट २०१५ चा. 'नटसम्राट' नाटक १९७० चं, चित्रपट १ जानेवारी २०१६ चा. आमच्याकडे वाडीवाडीत मंडळं नाटकं बसवतात. तोंडाला रंग लावलेला माणूस घरटी एखादा सापडतोच. असा माणूस कलाकाराचं काम बघायला येतो, दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यावर वाद घालतो, आणि वाद जिंकायला पुन्हा येतो.

दुसऱ्या भाषेतून घेतलेल्या चित्रपटासाठी एकच प्रश्न पुरतो: मूळ आपल्या माणसांनी आधीच बघितलंय का? 'वेड' हा तेलुगू 'मजिली'वरून घेतलेला. मूळ आमच्याकडे जवळजवळ कुणी बघितलेलं नव्हतं, त्यामुळे इथे ती नवी गोष्ट होती. 'धडक'च्या बाबतीत उलटं. 'सैराट' लोकांनी दोन-दोनदा बघितलेला, गाणी पाठ. मग तीच गोष्ट हिंदीत बघायला तिकीट कोण काढणार? देशाच्या इतर भागांत त्याला प्रेक्षक मिळाला. पण आपण देशाला तिकिटं विकत नाही.

कॅलेंडर: कोकणचं, मुंबईचं नव्हे

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच बाहेरच्या माणसाला कळत नाही. व्यवसायाच्या भाषेत आपण 'बॉम्बे सर्किट' या वितरण विभागात येतो. मुंबईला सोयीची तारीख आपल्यावर येऊन पडते.

सोन्याचा काळ म्हणजे एप्रिलचा शेवट ते मेअखेर. परीक्षा संपलेल्या, चाकरमानी मुलाबाळांसह गावी, आंब्याचे पैसे हातात. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ चा, 'बाहुबली २' २८ एप्रिल २०१७ चा, 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' २६ एप्रिल २०१९ चा. या दिवसांत मोठा पुढचा भाग मिळत असेल तर ठोक रकमेचा विचार करायला हरकत नाही. चाकरमान्याची मुलं मुंबईत तो बघूनच आलेली असतात, हा एक धोका. पण ती चुलतभावंडांना घेऊन परत बघतात, असा माझा अनुभव आहे.

मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला की चित्र पालटतं. जून-जुलै पेरणी-लावणी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, माणसं घरी, म्हणजे वेळ आहे पण हातात पैसा नाही. वर लाइट जाते, ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाड्या तुटतात. २०२४ मध्ये 'मुंज्या' ७ जूनला, म्हणजे अगदी मिरगाच्या तोंडावर आला. मोठा नट नाही. पण भूत कोकणातलं, पिंपळावरचं, लहानपणी ज्याच्या भीतीने आपण संध्याकाळी घरी पळत आलो तेच. देशात तो शंभर कोटींच्या घरात गेला, तोंडोतोंडी. या काळात चित्रपट घ्यायचाच तर टक्केवारीवर घ्या, आणि गोष्ट इथल्या मातीची आहे का ते बघा. 'कांतारा' कन्नड किनाऱ्यावरचा, पण त्यातला देव, जमीन आणि मानपान गावरहाटीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

गणपतीत थिएटर भरतं, हा मुंबईकरांचा समज. पहिले दोन दिवस आरत्या, भजनं, जेवणावळी. थिएटरकडे कुणी फिरकत नाही. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मधले दोन-तीन दिवस गर्दीचे, मग चाकरमानी परत गाडीत. त्यानंतर पितृपक्ष. पूर्वी मी पितृपक्षाला मेलेला काळ समजायचो. 'नवरा माझा नवसाचा २' २० सप्टेंबर २०२४ ला, 'धर्मवीर २' २७ सप्टेंबरला, 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ ला, तिन्ही पितृपक्षातच आले. मोठे हिंदी चित्रपट या दिवसांत अंग चोरतात, त्यामुळे मराठीला पडदे मिळतात. मी समजूत बदलली. एक मात्र लक्षात ठेवा: २० सप्टेंबर २०२४ ला राष्ट्रीय सिनेमा दिन होता, तिकीट ९९ रुपये. अशा शुक्रवारी आलेली माणसं मोजा, पण त्यावरून शनिवारचा अंदाज बांधू नका.

हिवाळ्यात जत्रा. जत्रेत रात्रभर दशावतार फुकट असतो, आणि त्याच्याशी कुठल्याही सुपरस्टारने स्पर्धा करू नये. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल मिळाल्यावर जाहीर होते. ती कळली की मालवण-कणकवली भागातल्या थिएटरवाल्याने त्या दोन दिवसांवर काट मारून मगच वितरकाशी बोलावं. शिमग्यात पालख्या फिरतात तेव्हाही तसंच. आठवडा बाजाराच्या दिवशी मात्र दुपारचा खेळ हमखास बरा जातो. बाजार आटोपून शेवटच्या गाडीपर्यंत वेळ काढायचा असतो.

लांबी आणि शेवटची एसटी

यावर कुणी लिहीत नाही म्हणून दोन शब्द. 'पुष्पा २' २०० मिनिटांचा. मध्यंतर धरून पावणेचार तास. सहाचा खेळ पावणेदहाला सुटतो, आणि वस्तीची गाडी त्याआधी गेलेली असते. वाड्यांवरून येणारा प्रेक्षक सहाचा खेळ सोडतो. शहरात लांबीमुळे खेळांची संख्या कमी होते, आमच्याकडे प्रेक्षकच कमी होतो. मोठ्या लांबीचा पुढचा भाग आला तर खेळ साडेअकरा, साडेतीन आणि साडेसात असे लावा, आणि साडेसातचा फक्त गावातल्या, दुचाकीवाल्या प्रेक्षकासाठी धरा. अंदाजातही तसाच धरा.

शेजारही बघून घ्या. १२ नोव्हेंबर २०१५ ला, दिवाळीत, 'कट्यार' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' एकाच दिवशी आले. एक नाटकावरचा, एक पुढचा भाग. एक पडदा असेल तर निवड करावी लागते किंवा खेळ वाटावे लागतात. २०२२ मध्ये 'केजीएफ २' १४ एप्रिलला आला आणि आठच दिवसांत 'शेर शिवराज'. मोठ्या चित्रपटाचा वितरक सगळे खेळ मागतो. दुपारचा एक तरी खेळ मोकळा ठेवायची अट आधीच घालून घ्या. नंतर फोन उचलत नाहीत.

करार: ठोक की टक्केवारी

वरच्याच उदाहरणात वितरकाने पहिल्या आठवड्यासाठी दीड लाख ठोक मागितले असं धरू. ५० टक्क्यांच्या करारात त्याला दीड लाख मिळायला नेट तीन लाख व्हावा लागतो. म्हणजे २,३६० तिकिटं, खेळामागे ११२ माणसं. तेव्हा प्रश्न असा झाला: वरच्या पायऱ्यांवरून खेळामागे ११२ पेक्षा जास्त माणसांची खात्री वाटते का? वाटत असेल तर ठोक फायद्याचं, नसेल तर टक्केवारी. मे महिना असेल तर मी ११२ च्या जागी ९५ चा अंदाज आला तरी घासाघीस करून बघतो. जुलैत १३० चा आला तरी ठोक देत नाही, कारण पाऊस माझा अंदाज वाचत नाही.

अंदाज आला की गुरुवारी तो माणसांवर तपासतो. आमच्या नाक्यावरचा चहावाला, कॉलेजातली दोन पोरं, बचत गटाच्या एक ताई. 'बाईपण भारी देवा'च्या वेळी या ताईंनी पंचवीस तिकिटं एकदम मागितली तेव्हाच मला कळलं होतं की आकडे चुकणार आहेत. नाक्यावर "पयलो बगलेलो, ह्यो कसो आसा ता तू सांग" असं कुणी म्हणालं तर शुक्रवार बरा. "टीव्हीर येयतच की" असं ऐकलं तर मी दोनच खेळ लावतो.

सोमवार

वहीत चार रकाने: शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. खाली फक्त डोकी, रुपये नाहीत, कारण दर बदलतात. सोमवारी शुक्रवारच्या निम्म्याहून जास्त माणसं आली तर दुसरा आठवडा आहे. तीन माणसांतली दोन गळली तर बुधवारीच पुढच्या चित्रपटाची बोलणी सुरू करतो.

सोमवार सुटीचा असेल तर हा हिशोब पुढे ढकला. 'स्त्री २' गुरुवारी, १५ ऑगस्टला आला आणि पुढचा सोमवार १९ तारखेचा, नारळी पौर्णिमा. त्या सोमवारच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. खरा निकाल मंगळवारी कळायचा होता.

आणि रूपांतर असेल तर मी सोमवारी अजून एक गोष्ट बघतो: सहाच्या खेळाला साठीच्या पुढची किती माणसं आली. ती दहाच्या वर असतील तर रात्रीच वितरकाला फोन करून दुसऱ्या आठवड्याचे खेळ मागून घेतो. मंगळवारपर्यंत थांबलं तर त्याच्याही कानावर तेच आकडे गेलेले असतात.